लॅपटॉपचा फर्मवेअर पासवर्ड विसरल्यास: यंत्राआधी नोंदी वाचवाव्यात

हरभऱ्यावरील घाटेअळीसाठी लावलेल्या कामगंध सापळ्यात एका रात्री किती पतंग अडकले, एवढ्यावरून फवारणीचा निर्णय होत नाही. सलग दोन ते तीन दिवस प्रतिसापळा ८ ते १० पतंग आढळले, तर कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीवर पोहोचली असे मानतात आणि त्यानंतरच सल्ला दिला जातो. आदल्या दोन दिवसांची नोंद हाताशी नसेल, तर तिसऱ्या दिवसाचा आकडा कितीही अचूक असला तरी त्याचा उपयोग होत नाही. अशा नोंदी आज बहुतेक ठिकाणी सापळ्याशेजारच्या वहीतून संध्याकाळी लॅपटॉपमध्ये उतरवल्या जातात, आणि पुष्कळदा वही नंतर जपलीही जात नाही. एखाद्या सकाळी हा लॅपटॉप सुरू केल्यावर कंपनीचे बोधचिन्ह दिसते, परंतु विंडोज सुरू होत नाही. काळ्या पडद्यावर कुलपाचे छोटे चित्र आणि पासवर्डची रिकामी चौकट येते. पासवर्ड घालणारा सहकारी चार महिन्यांपूर्वी बदलून गेलेला असतो. ही अडचण संगणकाची वाटते. खोळंबा मात्र पीक संरक्षणाचा होतो.

हा प्रश्न झाशीसारख्या ठिकाणी विशेष महत्त्वाचा आहे. येथे १९६२ मध्ये स्थापन झालेली भारतीय गवताळ कुरणे व चारा संशोधन संस्था आहे, केंद्रीय कृषिवानिकी संशोधन संस्था आहे आणि २०१४ च्या कायद्याने अस्तित्वात आलेले राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठही आहे. चारा पिकांवरील अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचे समन्वय झाशीहून होते आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ व उरुळी कांचन येथील बाएफ ही या प्रकल्पाची महाराष्ट्रातील केंद्रे आहेत. राहुरीत चारा ज्वारीवर मोजलेली खोडमाशी झाशीच्या तक्त्यात जाऊन बसते, तेव्हा वाटेत किमान दोन-तीन लॅपटॉप तरी असतात. नेवाळकरांच्या काळापासून झाशीचे मराठीशी असलेले नाते अशा तक्त्यांतूनही चालू आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

नोंद वेळेवर मिळण्याची निकड झाशीने मे २०२० मध्ये अनुभवली. राजस्थान आणि मध्य प्रदेश ओलांडून आलेली वाळवंटी टोळांची धाड त्या महिन्यात झाशी जिल्ह्यात पोहोचली आणि प्रशासनाने अग्निशमन दलाच्या गाड्या कीटकनाशकासह सज्ज ठेवल्या. टोळांचा थवा वाऱ्याबरोबर दिवसाला १५० किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. तो सायंकाळी उतरतो, रात्री झाडाझुडपांवर विसावतो आणि ऊन तापले की पुन्हा उडतो. म्हणून फवारणी रात्री ते पहाटे या मोजक्या तासांतच साधते. थवा कोठे उतरला ही माहिती त्या रात्री एखाद्या बंद यंत्रात अडकून राहिली, तर दुसऱ्या दिवशी दुपारी ती मिळूनही काही साधत नाही. रोजच्या कीड सर्वेक्षणात घाई एवढी नसते, पण तत्त्व तेच लागू पडते.

कुलूप नेमके कोठे असते

लॅपटॉपचे बटण दाबल्यावर प्रथम विंडोज सुरू होत नाही. मदरबोर्डवरील एका छोट्या चिपमध्ये कायम साठवलेला प्रोग्राम आधी जागा होतो. तो कळफलक, पडदा आणि मेमरी तपासतो, डिस्क शोधतो आणि मग विंडोजला हाक देतो. या प्रोग्रामला फर्मवेअर म्हणतात. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीपासून त्याचे रूढ नाव ‘बायोस’ असे होते. अलीकडच्या यंत्रांत त्याची जागा ‘युईएफआय’ या प्रणालीने घेतली आहे, तरी दुकानदार आणि तंत्रज्ञ अजून सर्रास बायोसच म्हणतात. या पायरीवर घातलेला पासवर्ड हा विंडोजच्या पासवर्डपेक्षा पूर्णतः वेगळा असतो. विंडोज नव्याने भरले, डिस्क बदलली, तरी तो तसाच राहतो, कारण तो डिस्कवर नसून मदरबोर्डवर असतो.

ही सोय कंपन्यांनी विनाकारण दिलेली नाही. लॅपटॉप ही सहज चोरीला जाणारी वस्तू आहे, आणि चोराला तो वापरता अथवा विकता येऊ नये हा तिचा एक हेतू. दुसरा हेतू सुरक्षिततेचा. १९९८ मध्ये पसरलेल्या आणि २६ एप्रिल १९९९ रोजी जगभर नुकसान केलेल्या ‘सीआयएच’ या विषाणूने असंख्य संगणकांच्या फर्मवेअरवरच निरर्थक मजकूर लिहिला होता व ते सुरू होईनासे झाले होते. फर्मवेअरमध्ये कोणालाही सहज हात घालता येऊ नये, ही गरज तेव्हा सर्वांच्या ध्यानात आली. आता घरच्याच माणसाला बाहेर ठेवणारे कुलूप हे त्याच भक्कमपणाचे दुसरे अंग आहे.

औषधाआधी निदान

पाने वर वळली म्हणजे फुलकिडे आणि खाली वळली म्हणजे कोळी, हा मिरचीतील फरक न पाहता फवारणी करणारा शेतकरी पैसे आणि हंगाम दोन्ही गमावतो. पासवर्डच्या बाबतीतही पहिले काम ओळख पटवण्याचे आहे. ‘लॅपटॉप लॉक झाला’ या एका वाक्यामागे किमान पाच वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि प्रत्येकीचा मार्ग निराळा आहे.

विंडोजचे चित्र, तारीख-वेळ आणि वापरकर्त्याचे नाव दिसून मग पासवर्ड किंवा पिन मागितला जात असेल, तर तो फर्मवेअर पासवर्ड नव्हे. तो मायक्रोसॉफ्ट खात्यामार्फत अथवा कार्यालयाच्या संगणक विभागाकडून बदलून मिळू शकतो. निळ्या पडद्यावर ‘बिटलॉकर’ हा शब्द आणि ४८ अंकांची किल्ली मागणारी लांब चौकट दिसली, तर डिस्कवरील मजकूर कूटबद्ध आहे आणि यंत्राला आपल्या रचनेत काही बदल झाल्याचा संशय आलेला आहे. या पडद्यावर किल्लीचा ओळख क्रमांकही दिसतो. त्याचे छायाचित्र मोबाइलवर काढून ठेवावे, पुढे किल्ली शोधताना तो लागतो.

उरलेले तीन प्रकार खऱ्या अर्थाने फर्मवेअरच्या पातळीवरचे आहेत. पहिला सुरुवातीचा पासवर्ड: तो दिल्याशिवाय यंत्र पुढे सरकतच नाही. दुसरा पर्यवेक्षक पासवर्ड, ज्याला काही कंपन्या प्रशासक पासवर्ड म्हणतात. तो केवळ फर्मवेअरच्या सेटिंगचे दार बंद करतो, विंडोज नेहमीप्रमाणे सुरू होते. तिसरा हार्ड डिस्कचा पासवर्ड. तो दिसतो सुरुवातीच्या पासवर्डसारखाच, परंतु साठवलेला असतो डिस्कच्या स्वतःच्या नियंत्रकात. अशी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली तरी ती उघडत नाही. पडद्यावरील चौकटीशेजारी डिस्कचे चित्र अथवा ‘हार्ड डिस्क’ असे शब्द आहेत का, हे नीट पाहिले पाहिजे. या एका तपशिलावर नोंदी वाचणार की नाही, हे पुष्कळ अंशी ठरते.

यांपैकी पर्यवेक्षक पासवर्ड विसरला असेल, तर बहुतेक वेळा काहीच करू नये, हे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. शेतात कीड दिसली म्हणजे फवारणी केलीच पाहिजे असे नसते. नुकसानीची पातळी ओलांडेपर्यंत थांबणे हाच शास्त्रीय सल्ला असतो. असा लॅपटॉप वर्षानुवर्षे सुरळीत चालतो. पेनड्राइव्हवरून विंडोज नव्याने भरायचे झाले किंवा फर्मवेअरची सेटिंग बदलायची वेळ आली, तरच अडते. तोपर्यंत यंत्र सुरू होत आहे याचा फायदा घेऊन सर्व नोंदींची प्रत बाहेर काढावी आणि बिटलॉकर चालू असल्यास त्याची किल्ली छापून ठेवावी. दुरुस्तीचा विचार त्यानंतर सवडीने करता येतो.

फोन, कळफलक आणि शेजारचा लॅपटॉप

सर्वांत स्वस्त उपाय बहुधा शेवटी आठवतो. बदलून गेलेल्या सहकाऱ्याला फोन करावा. कार्यालयीन संकोच अथवा जुनी कुरबुर यांमुळे हा फोन होत नाही आणि लॅपटॉप सहा महिने कपाटात पडून राहतो, असे चित्र अनेकांच्या परिचयाचे असेल. तो सहकारी निवृत्त झाला असला तरी विचारावे. माणसे आपल्या ठरावीक दोन-तीन पासवर्डांतच फिरत असतात. काही वेळा पुरवठादाराचा अभियंता एका खरेदीतील सर्व यंत्रांना एकच पर्यवेक्षक पासवर्ड घालून जातो. म्हणून त्याच बिलावर आलेले इतर लॅपटॉप ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्याकडेही चौकशी करावी.

आठवणारा पासवर्ड चुकीचा ठरत असेल, तर दोष आठवणीचाच असेल असे नाही. कॅप्स लॉक चालू राहिला असेल. काही लॅपटॉपमध्ये नम लॉकमुळे अक्षरांच्या जागी अंक उमटतात आणि चौकटीत ठिपकेच दिसत असल्याने ते कळत नाही. विंडोजमध्ये देवनागरी कळफलक निवडलेला असला, तरी फर्मवेअर त्याची दखल घेत नाही. ते सामान्यतः अमेरिकी इंग्रजी मांडणीच धरून चालते. त्यामुळे ब्रिटिश मांडणीवर लिहिलेले ‘ॲट’ चिन्ह तेथे दुसऱ्याच कळेवर सापडते. क्षेत्रावर फिरणाऱ्या लॅपटॉपची एखादी कळ धुळीने अडकलेली असते. अशा वेळी यूएसबी कळफलक जोडून पाहणे योग्य.

तीनदा चूक झाल्यावर बहुतेक यंत्रे थांबतात आणि बंद करून पुन्हा सुरू करावी लागतात. काही यंत्रे या वेळी पडद्यावर एक संकेतांक दाखवतात. तो लिहून ठेवावा. आठवणारे पर्याय कागदावर मांडून, एकेक खोडत जाणे बरे. रागाच्या भरात वाटेल ते बडवण्यापेक्षा या मार्गाने पासवर्ड सापडण्याची शक्यता अधिक असते.

बॅटरी काढण्याचा जुना सल्ला

‘आतली गोल बॅटरी काढा, पासवर्ड जाईल’ हा सल्ला आजही हटकून मिळतो. तो एके काळी खरा होता. जुन्या डेस्कटॉपमध्ये फर्मवेअरच्या सेटिंग बॅटरीवर तगणाऱ्या मेमरीत असत. नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी काढली की मेमरी पुसली जाई आणि पासवर्डही नाहीसा होई. चोरालाही हेच करता येत होते. म्हणून लॅपटॉप बनवणाऱ्यांनी पासवर्ड वीज नसतानाही टिकणाऱ्या चिपमध्ये हलवला. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ती बॅटरी काढल्याने पासवर्ड जात नाही, फक्त घड्याळ मागे जाते.

घड्याळ मागे जाणे ही किरकोळ बाब नाही. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अमान्य ठरतात आणि सर्वेक्षणाचे पोर्टल उघडत नाही. त्याहून घातक गोष्ट म्हणजे पुढे भरलेल्या फायलींवर जुनीच तारीख पडते. कीटकशास्त्रात तारखेशिवाय नोंद म्हणजे नुसता आकडा. पतंगांचा उच्चांक कोणत्या आठवड्यात होता हे त्यावरून सांगता येत नाही. कुलूप उघडले नाही आणि हंगामाच्या नोंदीही संशयास्पद झाल्या, असे दुहेरी नुकसान या एका कृतीतून संभवते.

संकेतांक भरल्यास परवलीचा शब्द तयार करून देण्याचा दावा करणारे प्रोग्राम आणि मदरबोर्डवरील चिप काढून पुन्हा लिहून देणारे कारागीर, हे दोन्ही मार्ग अस्तित्वात आहेत. काही जुन्या मॉडेलांवर त्यांना यशही येते. तरीही सरकारी अथवा संस्थेच्या मालकीच्या यंत्रावर ते अनुसरणे उचित नाही. चिप लिहिताना चूक झाली तर मदरबोर्ड कायमचा निकामी होतो, हमी संपते, आणि अनोळखी प्रोग्राम पेनड्राइव्हवरून संस्थेच्या जाळ्यात काय घेऊन येईल याची खात्री देता येत नाही.

दुरुस्ती झाशीच्या सीपरी बाजारात होवो वा पुण्याच्या बुधवार पेठेत, कारागिराच्या हाती केवळ यंत्र जात नाही. सर्वेक्षणाच्या तक्त्यात शेतकऱ्यांची नावे, मोबाइल क्रमांक, गट क्रमांक, काही वेळा बँक खात्याचे तपशीलही असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अशी माहिती बाळगणाऱ्यावर तिच्या संरक्षणाची जबाबदारी टाकलेली आहे. डिस्क काढून घेऊन उरलेले यंत्र दुरुस्तीस देणे, हा यातला साधा आणि सुरक्षित मार्ग.

नोंदी बाहेर काढणे

यंत्र आणि नोंदी हे दोन प्रश्न वेगळे आहेत. सारा गोंधळ त्यांना एकच समजल्याने होतो. सुरुवातीचा पासवर्ड यंत्राला अडवतो. डिस्कवरील मजकूर त्याने बदलत नाही अथवा कूटबद्धही होत नाही. डिस्कला स्वतंत्र पासवर्ड नसेल आणि बिटलॉकर चालू नसेल, तर संगणक विभागातील तंत्रज्ञ ती डिस्क काढून, यूएसबी जोडणीच्या डबीत बसवून दुसऱ्या संगणकावर वाचू शकतो. जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची डिस्क असते, नव्यांत च्युइंग गमच्या पट्टीएवढी एम.२ प्रकारची. दोन्हींसाठी निरनिराळी डबी लागते आणि ती बाजारात सहज मिळते. काम अर्ध्या तासाचे आहे. घाटेअळीचा तिसरा दिवस चुकवायचा नसेल, तर पासवर्डच्या मागे न लागता आधी हे करावे.

बिटलॉकर चालू असल्यास डिस्क दुसऱ्या संगणकावर ४८ अंकी किल्ली मागते. अडचण अशी की अनेकांना ते चालू असल्याचे माहीतच नसते. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यास पुष्कळ लॅपटॉपवर डिस्क आपोआप कूटबद्ध होते आणि किल्ली त्या खात्यात साठवली जाते. खाते कार्यालयाचे असेल तर किल्ली संगणक विभागाकडे मिळण्याची शक्यता असते. ते बदलून गेलेल्या व्यक्तीचे खासगी खाते असेल, तर पुन्हा त्याच फोनपाशी येऊन थांबावे लागते. म्हणूनच आधी केलेला फोन केवळ पासवर्डपुरता न ठेवता किल्लीबद्दलही विचारावे.

हार्ड डिस्कचा पासवर्ड विसरला असेल तर चित्र निराशाजनक आहे. काही यंत्रांवर वापरकर्त्याच्या पासवर्डबरोबर एक मुख्य पासवर्डही घातलेला असतो आणि तो संगणक विभागाकडे असू शकतो. तेवढीच एक आशा. तोही नसेल तर कंपनी डिस्क बदलून देऊ शकते, तिच्यातील मजकूर देऊ शकत नाही. लेनोवो कंपनी हे आपल्या पुस्तिकांत स्पष्ट शब्दांत सांगते. अशा वेळी यंत्रामागे वेळ न दवडता नोंदी दुसरीकडून जमवाव्यात: क्षेत्र सहायकाची वही, मोबाइलवरील छायाचित्रे, ई-मेलने पाठवलेले साप्ताहिक तक्ते, पोर्टलवर भरलेले आकडे. महाराष्ट्रात २००९-१० पासून चालू असलेल्या क्रॉपसॅप या कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्पाचा एक अनुषंगिक लाभ हाच आहे. आकडे ठरावीक दिवशी पोर्टलवर जात असल्याने ते एका लॅपटॉपच्या भरवशावर राहत नाहीत.

आणखी एक सावधगिरी. अलीकडच्या काही पातळ लॅपटॉपमध्ये साठवण मदरबोर्डवरच जोडलेली असते, ती काढता येत नाही. ॲपलच्या अलीकडच्या मॅकबुकमध्ये साठवण बोर्डावर तर असतेच, शिवाय २०१८ पासूनच्या बहुतेक मॉडेलांत ती बोर्डावरील सुरक्षा चिपशी बांधलेली असते. तेथे बोर्ड बदलणे म्हणजे नोंदी गमावणे.

कंपनीकडे जाताना

अधिकृत सेवा केंद्र सर्वप्रथम मालकीचा पुरावा मागते आणि ते योग्यच आहे. डेल कंपनी यंत्राखालील सर्व्हिस टॅग विचारते व मालकीची खातरजमा करते. ॲपलकडे इंटेल प्रोसेसर असलेल्या मॅकचा फर्मवेअर पासवर्ड विसरल्यास यंत्र आणि मूळ बिल घेऊन सेवा केंद्रात प्रत्यक्ष जावे लागते. नोव्हेंबर २०२० नंतर आलेल्या ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरच्या मॅकमध्ये हा पासवर्डच नाही, तेथे डिस्कच्या कूटबद्धतेवर भर आहे. लेनोवोच्या थिंकपॅड मालिकेत पर्यवेक्षक पासवर्ड विसरल्यास कंपनी तो पुसून देत नाही, मदरबोर्ड बदलते आणि त्याचे शुल्क आकारते. विसरलेला पासवर्ड हा निर्मितीतील दोष नसल्यामुळे हमीचा कालावधी शिल्लक असला तरी खर्चाची तयारी ठेवावी.

संस्थेच्या यंत्राबाबत पुरावा जमवणे अवघड नसते, फक्त तो वेळेवर सापडला पाहिजे. ‘जेम’ या शासकीय ई-बाजारपेठेवरून खरेदी झाली असल्यास बिलावर खरेदीदार कार्यालयाचे नाव असते. बिलाची प्रत, डेडस्टॉक रजिस्टरमधील यंत्राच्या अनुक्रमांकाची नोंद आणि कार्यालयप्रमुखांचे पत्र, एवढे सोबत असल्यास चर्चा लवकर पुढे सरकते.

मदरबोर्ड बदलण्यास संमती देण्यापूर्वी बिटलॉकरची किल्ली हाती आहे ना, याची खात्री करावी. किल्लीचे रोजचे काम बोर्डावरील टीपीएम नावाची चिप करत असते. बोर्ड बदलला की ती चिपही जाते आणि पहिल्याच सुरुवातीला निळा पडदा ४८ अंक मागतो. किल्ली नसेल तर यंत्र दुरुस्त झाले आणि नोंदी मात्र गेल्या, अशी विचित्र स्थिती होते. खर्चाचा हिशेबही आधी मांडावा. सहा-सात वर्षे वापरलेल्या लॅपटॉपला नवा बोर्ड घालण्यापेक्षा त्याचे निर्लेखन करून डिस्क तेवढी राखून ठेवणे अनेकदा शहाणपणाचे असते.

जुना लॅपटॉप विकत घेणाऱ्यांसाठी

शेतकरी उत्पादक कंपन्या आणि प्रगतिशील शेतकरी हवामान केंद्राच्या नोंदी, ठिबकचे वेळापत्रक वा हिशेबासाठी वापरलेले लॅपटॉप घेऊ लागले आहेत. मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेली ही यंत्रे दणकट व स्वस्त असतात. परंतु त्यांतील काहींवर मूळ कंपनीचा पर्यवेक्षक पासवर्ड तसाच असतो आणि विक्रेत्यालाही तो ठाऊक नसतो. विंडोज सुरू होत असल्याने दुकानात काहीच खटकत नाही.

पैसे देण्यापूर्वी यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे आणि बोधचिन्ह दिसताच फर्मवेअरची कळ दाबावी: डेल, एसर व आसुसवर सहसा एफ२, एचपीवर एफ१०, थिंकपॅडवर एफ१. पासवर्ड न मागता सेटिंगचा पडदा उघडला आणि त्यात तारीख किंवा सुरुवातीचा क्रम बदलून जतन करता आला, तर काळजी नाही. पडदा उघडतो, मात्र काहीच बदलू देत नाही, असे दिसल्यास आत पासवर्ड आहे असे समजावे. ‘नंतर काढून देतो’ या आश्वासनावर व्यवहार करू नये. अनुक्रमांकासह छापील बिल घ्यावे. ते नसेल तर पुढे कंपनीच्या दारात मालकी सिद्ध करता येत नाही. बिल देण्यास टाळाटाळ होत असेल तर ते यंत्र चोरीचे असण्याची शक्यताही धरली पाहिजे.

कार्यभार देताना

क्षेत्रावर फिरणाऱ्या लॅपटॉपला सुरुवातीचा पासवर्ड आणि हार्ड डिस्कचा पासवर्ड घालण्याची गरज बहुतेक ठिकाणी नसते. शेतकऱ्यांच्या माहितीच्या संरक्षणासाठी डिस्क कूटबद्ध करणे अधिक परिणामकारक आहे, कारण यंत्र चोरीस गेले तरी मजकूर वाचता येत नाही आणि किल्ली छापून ठेवता येत असल्याने विसरण्याचा प्रश्न उरत नाही. विद्यार्थी अथवा हंगामी कर्मचारी सेटिंग बदलतील अशी शंका असेल तर पर्यवेक्षक पासवर्ड घालण्यास हरकत नाही. मात्र तो व्यक्तीचा नसून पदाचा असला पाहिजे.

पदाचा म्हणजे असा: पासवर्ड आणि ४८ अंकी किल्ली एका कागदावर लिहून, त्यावर यंत्राचा अनुक्रमांक घालून, कागद बंद लिफाफ्यात ठेवावा. लिफाफ्याच्या झडपेवर दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि तो कार्यालयाच्या तिजोरीत किंवा भांडारपालाकडे द्यावा. पासवर्ड चिकटपट्टीवर लिहून लॅपटॉपच्या पोटाशी लावण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते, ती कुलपातच किल्ली अडकवून जाण्यासारखी आहे. कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत लॅपटॉप, चार्जर आणि पिशवी यांची नोंद असते. त्याच ओळीत ‘फर्मवेअर पासवर्ड: आहे अथवा नाही’ आणि ‘लिफाफा क्रमांक’ असे दोन रकाने वाढवावेत. कार्यभार घेणाऱ्याने सही करण्यापूर्वी लिफाफा फोडून, पासवर्ड यंत्रावर एकदा स्वतः घालून पाहावा, मग नवा लिफाफा करून त्याचा क्रमांक व तारीख डेडस्टॉक रजिस्टरमध्ये त्या यंत्रासमोर लिहावी.